माल पाठवला कुणी, गाडी अडली कुणाची?



१९७१च्या कापूस एकाधिकार कायद्याने आपलाच कापूस सरहद्दीपार नेणे गुन्हा ठरवला होता. घाम आपला आणि चोरही आपणच! ती योजना गेली, गाडी अडवायची सरकारी खोड गेली नाही.

कापसाने हात दिला नाही म्हणून दोंडाईच्याचा पोरगा कर्जावर पिकअप घेतो, सुरतेला मिरची उतरवतो. परतीचे भाडे म्हणून सीलबंद खोकी मिळतात. आत करचुकव्या सिगारेटी निघाल्या तर? २०१७च्या जीएसटी कायद्याचे कलम १२९ मालासोबत गाडीही अडकवते. सोडवायला दंड किंवा एक लाख, जे कमी ते भरा. कलम १३० खाली तर गाडीच जप्त. आणि 'मला ठाऊक नव्हते' हे सिद्ध करायचे गाडीमालकानेच! सीलबंद खोके फोडायचा हक्क त्याला कुणी दिला?

न्यूयॉर्कने मात्र यूपीएस या बलाढ्य पार्सल कंपनीला कोर्टात खेचले. घरोघरी सिगारेटी पोचवणार नाही, असे कंपनीने २००५ मध्ये लिहून दिले होते. २०१७ मध्ये सुमारे २५ कोटी डॉलरचा भुर्दंड बसला. २०१९ मध्ये अपिलात तो १० कोटींच्या आत आला. तिथे कंपनीला ठाऊक होते, हे सरकारने दाखवले.

आम्ही करचोरांची वकिली करीत नाही. हजारो पार्सलांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना खुशाल धरा. बिल्टीवर विसंबणाऱ्याला ठाऊक होते, हे आधी सरकारने सिद्ध करावे, तोवर गाडी सोडावी. खासदार-आमदारांना हाच जाब विचारायचा आहे. तोवर बिल आणि ई-वे बिल हातात पडल्याशिवाय खोके चढवू नका.