डोळ्यांची केटी

"आपल्याकडे आर्टला स्कोपच नाही रे," हे वाक्य होस्टेलच्या कट्ट्यावर आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं. बोलणारा बहुधा इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळवलेला असतो. दहावीच्या वाढीव मार्कांसाठी सर्टिफिकेट जोडलं, रंगांची पेटी धाकट्या बहिणीला देऊन टाकली आणि गडी सीईटीच्या क्लासला जाऊन बसला. मी आमच्या विंगमध्ये विचारत फिरलो, तर निम्म्याहून जास्त जण एलिमेंटरी-इंटरमिजिएट झालेले निघाले. पण "त्यानंतर एखादं चित्र मुद्दाम बघायला गेला होतास का?" असं विचारलं, की सगळे माझ्याकडे असे बघायचे, जणू मी मेसच्या आमटीत डाळ शोधतोय.

स्कोप नाही हे मला अजिबात मान्य नाही. चित्रं, शिल्पं, फोटो बघायच्या आणि शिकायच्या जागा आपल्यापासून एसटीच्या अंतरावर आहेत. तिथला खर्च आपल्या एका वेळच्या पावभाजीपेक्षा जास्त नाही. नाही ती बघायची सवय. आणि ती लागावी म्हणून कॉलेजने उघडायला हवी अशी एक खोली, जी सध्या कुलपात आहे. त्या खोलीचं पुढे सांगतो.

आधी औंध. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. आपल्यातले बरेच जण घरच्यांबरोबर यमाईच्या दर्शनाला तिथे गेलेले असतात. त्याच डोंगरावर जाताना श्री भवानी संग्रहालय लागतं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभारलं. हे राजे आपल्याला सूर्यनमस्कारांमुळे माहीत असतात, पण ते स्वतः चित्रकार होते आणि रामायणावर त्यांनी चित्रमालिका काढली होती, हे कोणी सांगत नाही. या संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, धुरंधरांची चित्रं आहेत, आणि चक्क हेन्री मूर या जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आहे. मूरची शिल्पं बघायला लोक व्हिसा काढून लंडनला जातात. आपल्याला एसटी पुरते.

मी गेलो तेव्हा सगळ्या दालनांतून पंधरा मिनिटांत फिरून झालं होतं. इंडस्ट्रियल व्हिजिटला आपण जसं मशीनकडे बघत बघत कॅन्टीनकडे सरकतो, तसंच. मग एसटीला दोन तास अवकाश होता म्हणून परत आत गेलो आणि एकाच तैलचित्रासमोर उभा राहिलो. कॅलेंडरवर दिसते ती साडी कागदासारखी गुळगुळीत असते. इथे नाकाजवळून बघितलं, तर साडीचा जरीकाठ म्हणजे पिवळ्या आणि तपकिरी रंगाचे नुसते फटकारे होते, अगदी घाईत मारल्यासारखे. तीन पावलं मागे आलो आणि त्याच फटकाऱ्यांची जर झाली. मी किती वेळा पुढेमागे झालो कोण जाणे. शेवटी तिथल्या राखणदार मामांनी विचारलं, "काय हरवलंय का, बाळा?"

छापील चित्रात किंवा मोबाईलवर हे कधीच कळत नाही, कारण तिथे 'तीन पावलं मागे' नसतंच. म्हणून मूळ चित्र बघायला जायचं. मोठे झूम आपल्याला फुकटात मिळतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून लाखो चित्रं सगळ्यांसाठी खुली केली आहेत, होस्टेलच्या वायफायवर ती उघडतातही. ती जरूर बघावीत. पण ते लेक्चरच्या नोट्स वाचण्यासारखं आहे. लेक्चर औंधला आहे.

औंधच्या याच राजांची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव मेकॅनिकलवाल्यांना पंपामुळे आणि बाकीच्यांना नांगरामुळे ठाऊक असेल. हा माणूस मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला होता! काही रंग नीट ओळखू येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी पेंटिंग सोडलं आणि मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं. पुढे व्हीजेटीआयमध्ये ते हाच विषय शिकवत होते. आणि १९१० मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. म्हणजे आपल्या भागातल्या सगळ्यात गाजलेल्या कारखान्याच्या मुळाशी एक चित्रकार राजा आणि एक चित्रकार होऊ न शकलेला ड्रॉइंग मास्तर आहे. त्या काळी 'ड्रॉइंग' हा एकच शब्द होता. त्याचे आर्ट आणि इंजिनिअरिंग असे दोन तुकडे आपण नंतर पाडले, आणि आपल्या वाट्याला आलेला तुकडा जीटी मारून संपवला.

कोल्हापूर तर आपल्याला घरासारखं. तिथे आपण तांबडा-पांढरा आणि सिनेमा एवढ्यासाठी जातो. दसरा चौकात शाहू स्मारक भवन आहे. तिथल्या कलादालनात चित्रांची, फोटोंची प्रदर्शनं लागतात आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला विचारायचं. सुरुवातीला लाज वाटते, पण आपण व्हायव्हाला एक्सटर्नलसमोर जेवढे घाबरतो त्याच्या दहा टक्केही घाबरायचं कारण नाही. बहुतेक चित्रकारांना कोणीतरी प्रश्न विचारावा असं मनापासून वाटत असतं. लोक येतात, वहीत 'खूप छान' लिहून जातात. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांचं संग्रहालय आहे. सिनेमात राजबिंडे दिसणारे हे नट पावडर शेडिंगमध्ये केवढी कामं करून गेलेत ते तिथे कळतं. आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ कसं रंगवलं आहे ते बघून मग संध्याकाळी रंकाळ्यावर जावं. भेळ तीच लागते, पण पाणी वेगळं दिसतं.

आणि बाबूराव पेंटर. नाटकाचे पडदे रंगवणारा, मूर्ती घडवणारा हा कोल्हापूरचा माणूस. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. सिनेमा काढायचा म्हणून याने कॅमेराच बनवला, तोही स्वतः, भाग जुळवून. मग १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टमधले निम्मे भाग पुण्याहून तयार येतात, त्यावर मी काही बोलत नाही.

जाता जाता एक. होस्टेलच्या किती तरी खोल्यांत हातात समई धरलेल्या बाईचं चित्र असलेलं कॅलेंडर आहे. बोटांच्या फटीतून उजेड येतो ते. दहा जणांना विचारा, नऊ जण रविवर्म्याचं नाव घेतील. ते चित्र सावळाराम हळदणकर यांचं आहे, जलरंगात केलेलं आहे, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि समई धरलेली मुलगी म्हणजे त्यांची स्वतःची लेक. ज्याने कधी पोस्टर कलर ओला कागदावर फिरवलाय, त्याला जलरंगात तो उजेड आणणं म्हणजे काय हे सांगायला नको. चूक झाली तर वरून रंग लावून झाकताही येत नाही.

आता फोटोग्राफी. इथे तर स्कोप नाही असं म्हणायची सोयच नाही, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तरीही आपल्या फोटो क्लबचं वर्षभराचं काम काय? प्रमुख पाहुणे समई लावताना. प्रमुख पाहुणे नारळ स्वीकारताना. प्रमुख पाहुणे बोलताना, बाजूला डुलक्या घेणारे आपलेच एक सर (हा फोटो कापला जातो, आणि खरं तर त्या दिवशीचा तोच चांगला फोटो असतो). क्लबच्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांना कामच ते दिलं जातं. क्लब म्हणजे फुकटातले फोटोग्राफर, असा हिशेब झाला आहे.

खरं तर फोटोग्राफी हा आपल्यासारख्यांसाठीच केलेला विषय आहे. लाला दीनदयाळ, एकोणिसाव्या शतकातले भारतातले सगळ्यात नावाजलेले फोटोग्राफर, रुरकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले आणि इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर झाले. देवळांचे, किल्ल्यांचे त्यांचे फोटो बघताना खांब अगदी ओळंब्यात दिसतात, त्यात ड्राफ्ट्समनचा डोळा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन इलेक्ट्रिकलचे प्रोफेसर होते. आपल्या लॅबमध्ये ज्याच्यावर धूळ बसलीय त्या स्ट्रोबोस्कोपचं तंत्र वापरून त्यांनी दुधाचा थेंब पडल्यावर उठणारा मुकुट १९५७ मध्ये फोटोत पकडला. लॅबचं उपकरण तेच. कोणी त्याच्याखाली दूध सांडून बघितलं, एवढाच फरक.

तंत्राचा भाग आपल्याला पटकन कळतो. २.८, ४, ५.६, ८ असे छिद्राचे आकडे बाकीच्यांना पाठ करावे लागतात. आपण म्हणतो, क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून दर पायरीला दोनचं वर्गमूळ, म्हणून उजेड निम्मा. दहा मिनिटांत विषय संपला. अवघड भाग त्यानंतरचा. उभं कुठे राहायचं? काय बाहेर ठेवायचं? आणि बटण कधी दाबायचं नाही? हे कोणत्याही मॅन्युअलमध्ये नाही आणि महागड्या लेन्समध्ये तर नाहीच नाही. मागची बॅच लेन्सच्या किमतींवर रात्री दोनपर्यंत भांडायची. त्यांचे फोटो मात्र सूर्यास्त आणि कुत्र्याचं पिल्लू यापलीकडे गेले नाहीत.

माझा एक साधा उपाय आहे. जुन्या फिल्मच्या रोलमध्ये ३६ फोटो निघायचे. आपणही महिन्याला ३६ च काढायचे, मोबाईलने का होईना, आणि खोडायचे नाहीत. विषय होस्टेलच्या आवारातलाच. मेसच्या मागची भांडी घासायची जागा सकाळी सात वाजता बघा, वाफ आणि तिरपं ऊन. तीच जागा दुपारी बारा वाजता बघा, सगळं सपाट. गच्चीवरच्या दोरीवर वाळणाऱ्या बनियनांच्या रांगेत जेवढं कॉम्पोझिशन आहे तेवढं महाबळेश्वरच्या पॉइंटवर नाही, असं माझं मत आहे. महिन्याअखेरीस त्यातले दोन कागदावर छापून घ्यायचे आणि भिंतीला लावायचे. स्क्रीनवर अंगठा फिरवत पुढे सरकता येतं. भिंतीवरचा फोटो तिथेच राहतो, आणि चार दिवसांनी आपला आपल्यालाच खुपायला लागतो. शिकायला सुरुवात तिथून होते.

"याचा प्लेसमेंटला उपयोग काय?" हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. ज्याला हा रस्ताच धरायचा आहे त्याच्यासाठी सोय आहे. सीड ही परीक्षा देऊन इंजिनिअर आयआयटी मुंबईच्या आयडीसीत डिझाइन शिकायला जाऊ शकतो. आपल्या कम्प्युटरवरचा 'मंगल' फॉन्ट बनवणारे र. कृ. जोशी याच आयडीसीत शिकवत होते. पण बाकीच्यांसाठी मी खोटं बोलणार नाही. चित्रं बघून पॅकेज वाढत नाही. कला शिकल्याने पर्सनॅलिटी डेव्हलप होते, इंटरव्ह्यूत छाप पडते वगैरे जे भाषणांत सांगतात, त्याचा मला कंटाळा आहे. क्रिकेट बघताना कोणी विचारतं का, याचा उपयोग काय? आनंद होतो म्हणून बघतो. चित्राचाही तसा आनंद होतो, फक्त आधी थोडे नियम कळावे लागतात, आणि ते सांगणारं कोणी आपल्याला चार वर्षांत भेटत नाही.

तर ती खोली. दुसऱ्या मजल्यावरचा ड्रॉइंग हॉल. उत्तरेकडे मोठ्या खिडक्या, दिवसभर सारखा उजेड, कुठेही ऊन थेट येत नाही. चित्रकार असा स्टुडिओ मिळावा म्हणून नवस करतात. फर्स्ट इयरच्या बऱ्याचशा शीट कम्प्युटरवर गेल्यापासून हा हॉल तीननंतर रिकामा असतो आणि बोर्ड भिंतीला टेकून धूळ खात असतात. तो मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाच ते सात उघडावा, एवढीच मागणी आहे. भिंतीला फोटो लावू, स्केचिंग करू, लायब्ररीतून प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' आणून दोन-दोन पानं वाचू. जीवशास्त्र सोडून आलेल्यांनाही ते समजतं.

वेळ सातपर्यंतचीच मागितली आहे, त्याला कारण आहे. साडेसातला गर्ल्स होस्टेलचं गेट बंद होतं. आजवर जे काही 'कल्चरल' रात्री जेवणानंतर ठरलं, त्यातून निम्म्या कॉलेजला न विचारता वगळलं गेलं, आणि मग "मुली भाग घेत नाहीत" असं अहवालात छापलं गेलं. औंधच्या सहलीचंही तेच. मुलगे रविवारी उठून एसटी पकडतात, मुलींना मात्र पालकांचं पत्र, रेक्टर मॅडमची सही आणि सोबत स्टाफपैकी कोणीतरी लागतं. म्हणून कॉलेजने सत्रात एकदा तरी स्वतःची बस काढावी, इंडस्ट्रियल व्हिजिटला काढतात तशी. किर्लोस्करवाडी त्याच फेरीत करता आली, तर खात्याचीही हरकत नसावी.

काही सरांचं म्हणणं, हॉल उघडला तर मुलं टाइमपास करतील. करतीलही. ती सध्या पार्किंगमध्ये करतात. सामान चोरीला जाईल ही शंका रास्त आहे, म्हणून दोन विद्यार्थ्यांच्या नावावर किल्ली द्यावी आणि वॉचमनकाकांच्या रजिस्टरमध्ये सही घ्यावी असं अर्जातच लिहिलं आहे. अर्ज मेसच्या नोटीस बोर्डाशेजारी लावला आहे. महिनाअखेरीपर्यंत जेवढ्या सह्या होतील तेवढ्या घेऊन प्राचार्यांकडे जायचं ठरलं आहे. पेन मात्र आपापलं आणा, तिथे दोरीने बांधलेलं दोनदा चोरीला गेलं आहे.