वेगळा विदर्भ मागणारे फुटीर? मग लिंकनलाच विचारा!

राजेहो, १ मे ला वेगळ्या विदर्भावर लिहिलं की कमेंटमध्ये एक शब्द हमखास येतो : फुटीर. यावेळी एका वाचकाने तर अब्राहम लिंकनचा दाखला दिला. म्हणे, देश फुटू नये म्हणून तो लढला अन् तुम्ही महाराष्ट्र तोडायला निघालात!

दाखला दिलाच आहे तर पूर्ण वाचू ना भाऊ.

लिंकन निवडून आला १८६० मध्ये. मार्च १८६१ मध्ये शपथ घेईपर्यंत दक्षिणेची सात राज्यं गुलामगिरी टिकवण्यासाठी देश सोडून गेली होती. पुढे ती अकरा झाली. चार वर्षं युद्ध चाललं, सहा लाखांवर माणसं मेली, पण देश एक राहिला.

आता पुढचं पाहा. व्हर्जिनिया राज्य फुटीरांसोबत गेलं. त्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातले लोक म्हणाले, आम्हाला देशात राहायचं आहे, व्हर्जिनियात नाही. लिंकनने मंत्र्यांची लेखी मतं मागवली. तीन बाजूने, तीन विरोधात. निर्णय त्याच्यावर आला. ३१ डिसेंबर १८६२ ला त्याने सही केली अन् २० जून १८६३ ला वेस्ट व्हर्जिनिया वेगळं राज्य झालं.

म्हणजे देश जोडून ठेवणाऱ्यानेच राज्याचे दोन भाग मान्य केले. देश सोडणं वेगळं अन् देशात राहून राज्य मागणं वेगळं, एवढं त्याला कळत होतं. आमची मागणीही राज्यघटनेच्या कलम ३ मध्ये बसते. फाझल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भ राज्याची शिफारस केली. त्याच वर्षी बाबासाहेबांनीही महाराष्ट्राचे भाग करा असं लिहिलं. तेही फुटीर काय?

आता आपले नेते पाहा. १९५३ च्या नागपूर कराराने दिलं काय? हिवाळी अधिवेशन, तेही थोडक्या दिवसांचं. कलम ३७१ (२) खालच्या विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. भाजपने १९९७ मध्ये भुवनेश्वरला विदर्भाच्या बाजूने ठराव केला, नंतर दिल्ली अन् मुंबई दोन्हीकडे सत्ता आली, तरी ठराव कागदावरच. काँग्रेसचं काय वेगळं? आंध्रच्या विधानसभेने विरोध केला तरी तिने २०१४ मध्ये तेलंगणा दिला. विदर्भाला मात्र 'योग्य वेळी'. २०१६ मध्ये महाधिवक्ता श्रीहरी अणे वेगळ्या राज्याबद्दल उघड बोलले, तर त्यांना राजीनामा द्यावा लागला. पद टिकवायचं तर गप्प बसा, हाच धडा आमच्या आमदार-खासदारांनी घेतला.

एक गोष्ट विदर्भवाद्यांनाही सांगतो. वेस्ट व्हर्जिनियाला राज्य फुकट मिळालं नाही. गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवू, हे आधी राज्यघटनेत लिहून द्यावं लागलं. तसं आपण काय लिहून देणार? यवतमाळच्या कापूसवाल्याला काय, गडचिरोलीच्या आदिवासीला काय? की मुंबईतली खुर्ची उचलून नागपुरात आणली की झालं?

अन् नेतेहो, तुम्हाला एकच विचारतो. लिंकनने देश पेटलेला असताना सही केली. तुमच्याकडे तर शांतता आहे, घटना आहे, बहुमत आहे. हो म्हणा नाही तर नाही म्हणा, पण एकदाचं तोंड उघडा.