घरची सुतारशाळा : नक्षीची करवत

१ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली आणि गणपतीच्या मखराचा प्रश्न घरोघरी नव्याने उभा राहिला. ज्या पांढऱ्या महिरपी दहा दिवस मिरवून कचऱ्यात जात, त्यांची जागा कोठे कापडाने घेतली, कोठे पुठ्ठ्याने. ज्यांच्या हाताला काही घडविण्याची हौस आहे, त्यांचे लक्ष साहजिकच प्लायवुडकडे वळले. प्लायवुडची महिरप एकदा नीट कापली आणि कोरडी ठेवली, की ती कित्येक वर्षे नवा रंग लेवून उभी राहू शकते. मात्र वेलबुट्टी आणि जाळी साध्या करवतीने निघत नाही. त्यासाठी ‘स्क्रोल सॉ’ हे यंत्र लागते. ते घ्यावे की न घ्यावे, या विचारात असलेल्या वाचकांसाठी आजचे हे टिपण.

या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. दोन आडव्या भुजांच्या टोकांमध्ये एक बारीक पाते ताणून बसविलेले असते आणि मोटरीच्या जोरावर ते वरखाली होते. पात्याचे दात खाली तोंड करून असतात, त्यामुळे लाकूड टेबलावर दाबले जाते. आपण पाते फिरवायचे नसते, लाकूड फिरवायचे असते. हाताने धरावयाचे ‘जिगसॉ’ हे यंत्र निराळे. त्याचे पाते एकाच टोकाला धरलेले असते आणि ते जाड, ठोकळ कामाचे. गंमत अशी, की लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६० च्या दशकात मुलांना भूगोल शिकविण्यासाठी लाकडावर चिकटविलेले नकाशे कापून जी कोडी केली, त्यांना पुढे ‘जिगसॉ’ हे नाव पडले. प्रत्यक्षात तशी कोडी कापण्यास आपली ही बारीक पात्याची करवतच अधिक योग्य.

खरेदी करताना विक्रेता मोटरीची शक्ती आधी सांगतो. आम्ही म्हणू, ती शेवटी पाहावी. पहिला प्रश्न पाते कसे बसते, हा. काही यंत्रांना दोन्ही टोकांस आडवी खीळ असलेली पातीच चालतात. ती बदलण्यास सोपी खरी. परंतु आतली जाळी कापण्यासाठी पाते भोकातून ओवावे लागते आणि त्या खिळीसाठी भोक सुमारे पाच मिलिमीटरचे पाडावे लागते. बिनखिळीचे पाते मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या भोकातून जाते. मोराच्या पिसाऱ्यातला डोळा कापावयाचा असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. म्हणून दोन्ही प्रकारची पाती घेणारे यंत्र निवडावे. दुसरा प्रश्न वेगाचा. मिनिटाला सुमारे ४०० पासून १६०० फेऱ्यांपर्यंत वेग कमीजास्त करता येत असेल, तर नवशिक्याला धीर येतो. तिसरा प्रश्न पात्यापासून मागच्या खांबापर्यंतच्या अंतराचा. घरगुती यंत्रात ते बहुधा १६ इंच असते आणि तेवढे पुरते. मोठी महिरप तुकड्यांत कापून जोडावी.

स्वस्त यंत्र घरी आणले, की त्याच्यात थोडी सुधारणा करावी. ती करताना प्रथम प्लग काढून ठेवावा. यंत्र थरथरत असेल, तर जड लाकडी चौरंगाला ते बोल्टने पक्के करावे आणि मध्ये जुन्या टायरच्या रबराचे तुकडे घालावेत. बैठकीचे मागचे पाय किंचित उंच केले, तर काम डोळ्यांसमोर येते आणि मानेचे दुखणे टळते. टेबलातले पात्याचे भोक मोठे असेल, तर त्यावर सनमायकाचा तुकडा चिकटवून त्याला पात्यापुरते छिद्र पाडावे. मग लहान तुकडे खाली पडत नाहीत. पायाने दाबावयाची कळ बसविली, तर दोन्ही हात कामावर राहतात. विजेची जोडणी मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी.

पात्याचा ताण कानाने ओळखावा. तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे बोटाने छेडले असता स्वच्छ, उंच सूर निघाला पाहिजे. बद्द आवाज आला, तर पाते कापताना वाकते. पाते टेबलाशी काटकोनात आहे का, हे पाहण्यासाठी जाड लाकडाला एक लहानशी चीर पाडावी आणि ते फिरवून मागच्या बाजूने तीच चीर पात्यात घालून पाहावी. पाते सरळ शिरले, तर टेबल बरोबर आहे. नक्षीचा कागद थेट लाकडावर न चिकटविता आधी लाकडावर रुंद चिकटपट्टी लावावी. जळल्याच्या खुणा कमी होतात आणि कागदही सहज निघतो. आतली भोके प्रथम कापावीत, बाहेरची कड शेवटी. उलट केले, तर धरावयास लाकूडच उरत नाही. लाकूड रेटू नये. पाते बोथट झाले, की ते बदलावे. पाती स्वस्त असतात, बिघडलेले काम महाग पडते.

धोका बोटांपेक्षाही श्वासाला अधिक. लाकडाच्या बारीक भुशाची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. यंत्राची फुंकणी भुसा रेषेवरून उडविते, म्हणजे तो आपल्याच नाकाकडे येतो. म्हणून काम खिडकीजवळ करावे, चांगला मुखपट्टा व चष्मा लावावा आणि भुसा ओल्या फडक्याने टिपावा. पदर, ओढणी, सैल बाह्या यंत्रापासून दूर ठेवाव्यात. मुले शेजारी बसली, तर त्यांनाही मुखपट्टा द्यावा.

आता खर्चाचे. निवृत्त गृहस्थाने काही हजार रुपये घालावेत आणि यंत्र दोन महिन्यांत पलंगाखाली जावे, असे अनेक घरांत घडते. आमची सूचना अशी, की आधी हाताच्या फ्रेट सॉने चार नक्ष्या कापून पाहाव्यात. हौस टिकली, तर चार घरांनी मिळून एक यंत्र घ्यावे. सन १८९० मध्ये महाराजा सयाजीरावांनी बडोद्यात कलाभवन स्थापिले, तेव्हापासून या नगरीने हातकौशल्याला विद्येचा मान दिला आहे. आज घरातली मुले मराठी बोलतात, पण आजोबांच्या पेटीतली कानस आणि पटाशी त्यांना नावानिशी ओळखता येत नाही. ज्या दिवशी नातू विचारील, ‘आजोबा, हे पाते मी बसवू का?’ त्या दिवशी यंत्राची किंमत वसूल झाली, असे आम्ही समजू. गणपती भाद्रपदात येतात. कापण्यास सुरुवात ज्येष्ठातच केलेली बरी.