समाधान कुणाचं मोजताय?

गेल्या पावसाळ्यात एका सरकारी रुग्णालयातली रुग्ण-समाधान पाहणी माझ्याकडे आली. तिथे बीपी-शुगरच्या रुग्णांना फार्मासिस्टनेच गोळ्या नीट समजावून सांगाव्यात, मागच्या किती उरल्या ते पाहावं, अशी सोय सुरू झाली होती. तिच्याबद्दल लोक खूश आहेत का, हे मोजायचं. फॉर्मवर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. बहुतेक बायकांनी हसऱ्यावर बोट ठेवलं.

एका मावशींनीही ठेवलं, आणि मग पिशवी उघडली. मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्यायची असते. मावशी ती घ्यायच्या सकाळी, आणि जेवायच्या सगळ्यांचं उरकल्यावर, दुपारी तीनला. मळमळायचं, म्हणून गोळीच सोडलेली. “मग हसरा चेहरा कसा?” म्हटलं, तर म्हणाल्या, “पोरगं गोड बोललं हो. एरवी आमच्याशी कोण बोलतं?”

मैत्रिणींनो, कुणी खेकसलं नाही एवढ्यावर जी बाई समाधानी होते, तिचं समाधान मोजून आपण नेमकं काय मोजतो? शिवाय विचारणारी मी, गळ्यात रुग्णालयाचंच ओळखपत्र. पुढच्या महिन्याच्या गोळ्या त्याच खिडकीतून घ्यायच्या असताना कोण रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवेल?

केंद्र सरकारने 2016 साली ‘मेरा अस्पताल’ ही योजना आणली. त्यात रुग्णांचं मत मोबाईलवरून विचारतात. कल्पना वाईट नाही. पण आमच्या वस्तीत केसपेपरवर नंबर असतो नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा. बाईच्या औषधांबद्दल समाधानी कोण, तर तो!

फार्मासिस्टला दोष देणं सोपं आहे. औषधाबद्दल रुग्णाला समजावून सांगणं हे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे त्याचं कामच आहे. पण एक खिडकी, मागे पुरुषांची रेटारेटी. तिथे बाई अंगावरून पांढरं जाण्याबद्दल काय बोलणार, आणि तो तरी काय सांगणार? बसायला आडोसा हवा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

चेहरे राहू देत. पण त्याआधी बाईलाच विचारावं, “कोणती गोळी कधी घेता, सांगा बरं.” उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. आणि विचारणारी बाहेरची असावी.

फॉर्ममध्ये ‘तुम्ही जेवता किती वाजता?’ हा प्रश्न घाला, असं मी लेखी कळवलं. तो विषयाबाहेरचा आहे, असं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलं आहे.