वैद्यकसंघटनांचा कैवार

तज्ज्ञ डॉक्टरांच्या राज्यव्यापी संघटनांविषयी आपल्या सुशिक्षित समाजात एक मत इतके दृढमूल झाले आहे की, त्याचा पुरावा मागण्याची गरजही आता कोणास भासत नाही. ते मत असे की, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या, क्ष-किरणतज्ज्ञांच्या, शल्यविशारदांच्या ज्या संस्था दरवर्षी परिषद भरवितात, सरकारदरबारी शिष्टमंडळे नेतात आणि प्रसंगी उच्च न्यायालयापर्यंत दरखास्ती करतात, त्या मूलतः धंद्याचे हितसंबंध राखण्यासाठी निघालेल्या आहेत; सभासदाच्या हातून काहीही घडो, त्यास पाठीशी घालणे हेच त्यांचे ब्रीद; आणि म्हणून संघटनेचे बळ जितके वाढेल तितके रुग्णाचे बळ घटेल. मला हे मत सर्वथा अमान्य आहे. परंतु त्यास या संघटनांचे धुरीण जे उत्तर देतात, म्हणजे सभासदांच्या संरक्षणासाठी संस्था आहे, तेव्हा सभासदास जाचक होणाऱ्या प्रत्येक कायद्यास विरोध करणे हे तिचे कर्तव्यच होय, तेही मला तितकेच अमान्य आहे. दोन्ही पक्षांनी कैवार या गोष्टीचे एकच रूप गृहीत धरले आहे आणि ते रूपच चुकीचे आहे, असे मला सांगावयाचे आहे.

या वादाचा निवाडा मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांकडे पाहून करू नये. तो पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी उभे राहून करावा. धुळे-जळगाव रस्त्यावरचे हे गाव, अठराव्या शतकातील भुईकोट किल्ल्यामुळे आणि झाशीच्या नेवाळकर घराण्याशी असलेल्या संबंधामुळे इतिहासात ज्याचे नाव आहे, ते आजही आगगाडीसाठी अमळनेरावर अवलंबून आहे, आणि त्याच्यापासून धुळे सुमारे ३५ किलोमीटर, तर जळगाव त्याहून बरेच लांब आहे. अशा गावी जो स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा जी स्त्रीरोगतज्ज्ञ आठ-दहा खाटांचे प्रसूतिगृह चालविते, तिच्यापुढे मध्यरात्री बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही असा प्रसंग उभा राहिला, म्हणजे मोठ्या शहरात चार जणांत वाटली जाणारी जबाबदारी तिच्या एकटीच्या शिरावर येऊन पडते. भूल देणारा डॉक्टर दुसऱ्या गावाहून यावयाचा, रक्ताची पिशवी जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणावयाची, गर्भाशय काढावे की रुग्णवाहिकेत घालून पुढे पाठवावे हा निर्णय काही मिनिटांत घ्यावयाचा, आणि तो घेताना दाराबाहेर जमलेल्या नातेवाइकांची चलबिचल कानावर येत असावयाची! येथेच उपचार केले आणि बाई दगावली तर ‘हाताबाहेरची केस का ठेवून घेतली’ हा आरोप, आणि पुढे पाठविले व ती वाटेत दगावली तर ‘जबाबदारी झटकली’ हा आरोप. या दोन आरोपांच्या मधून जाणारी वाट फार अरुंद असते, आणि तिच्यावरून चालणाऱ्यास मागे कोणी उभे आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या मानसिक स्वास्थ्यापुरता नसून त्या बाळंतिणीच्या प्राणांचाही आहे. ज्यास आपण एकटे आहोत असे ठाऊक असते, तो पुढच्या वेळी अवघड रुग्ण उंबऱ्यावरूनच परत पाठवू लागतो. कैवाराचा अभाव अखेर रुग्णालाच भोवतो, हे पूर्वपक्षाच्या लक्षात आलेले नाही.

ही भीती काल्पनिक नव्हे. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अस्थिरोग विभागातील एका तरुण निवासी डॉक्टरास रुग्णाच्या नातेवाइकांनी इतकी मारहाण केली की, त्याच्या डोळ्यास गंभीर इजा झाली. रुग्णाच्या डोक्यास मार लागला होता, मेंदूवर शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ तेथे उपलब्ध नव्हता, आणि रुग्णास दुसरीकडे न्यावे असा सल्ला त्या डॉक्टराने दिला होता. शासनाने तज्ज्ञ दिला नाही, त्याची शिक्षा सल्ला देणाऱ्यास मिळाली. डॉक्टरांवरील हल्ल्यांस तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई अशी तरतूद करणारा, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरविणारा कायदा महाराष्ट्रात २०१० सालापासून होता. परंतु कायदा दप्तरात असणे आणि त्याची अंमलबजावणी होणे यांत जी तफावत असते, ती त्या रात्री दिसली. पुढे राज्यभरचे निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले, उच्च न्यायालयास लक्ष घालावे लागले, आणि तेव्हा कोठे रुग्णालयांत सुरक्षारक्षक नेमण्याची हालचाल झाली. रजेवर जाण्याचा मार्ग मला मान्य नाही, कारण त्या दिवसांत ज्यांचे हाल झाले ते मारहाण करणारे नव्हते. परंतु संघटित आवाजावाचून ही हालचालही झाली नसती, हे नाकारता येणार नाही.

संघटनेचा योग्य कैवार कसा असतो याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यातील निकालात आहे. त्या सुनावणीत इंडियन मेडिकल असोसिएशनने हस्तक्षेप करून आपले म्हणणे मांडले होते. निष्काळजीपणाची फिर्याद आली म्हणजे डॉक्टरास तत्काळ बेड्या घालण्याऐवजी पोलिसांनी प्रथम त्या शाखेतील निःपक्ष तज्ज्ञाचे, शक्यतो सरकारी सेवेतील तज्ज्ञाचे, मत घ्यावे, असे न्यायालयाने ठरवून दिले. यात डॉक्टरास माफी नाही. कसूर ठरविण्यापूर्वी ती जाणणाऱ्याने पाहावी, एवढाच इन्साफ आहे. पूर्वपक्षाने सांगावे, यात रुग्णाचे कोणते अहित झाले?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, आणि येथे मला अधिक कठोर व्हावे लागेल, कारण आपली माणसे चुकतात तेव्हा मौन पाळणे हा त्यांचा घात होय. कोल्हापूर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयाच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली उरल्या होत्या. पुढे तेथील जिल्हाधिकारी झालेले, मराठी कथा-कादंबरीकार म्हणूनही परिचित असलेले लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रास नोंद ठेवणारे एक उपकरण जोडण्याचा आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार गर्भवतीच्या तपासणीची नोंद ज्यात करावयाची तो फॉर्म एफ ऑनलाइन भरण्याचा आग्रह धरला. त्यास आव्हान देण्यासाठी रेडिओलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशनची राज्यशाखा उच्च न्यायालयात गेली, आणि रुग्णाच्या खासगीपणावर हे आक्रमण आहे असा युक्तिवाद झाला. चित्रे यंत्रातच राहतात, ती कोठे प्रसृत होत नाहीत, आणि ते उपकरण उघडावयाचे तर डॉक्टरांच्या समक्षच उघडावयाचे, हे पाहून न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये तो अर्ज फेटाळला. पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांचा अखिल भारतीय महासंघ, ज्यास सर्व जण फॉग्सी म्हणतात, नोंदीतील चुकांस गुन्हा समजू नये अशी मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ३ मे २०१९ रोजी तेथेही पराभूत झाला. नोंद न ठेवणे ही कारकुनी चूक नसून स्त्रीभ्रूणहत्येच्या गुन्ह्याचा पायाच तेथे घातला जातो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

हे निकाल योग्य होते असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते खानदेशात राहून अधिकच दृढ होते. जळगाव जिल्ह्यात हेच प्रमाण २००१ साली ८८० होते, ते २०११ साली ८४२ वर उतरले. ज्या राज्याने १९८८ साली, साऱ्या देशाच्या आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, आणि ज्या चळवळीमुळे तो झाला तीत डॉक्टरही होते, त्याच राज्याच्या एका सधन, केळी-कापसाच्या जिल्ह्यात दहा वर्षांत इतक्या मुली कमी व्हाव्यात! प्रत्येक डॉक्टर त्यात गुंतला होता असे कोणी म्हणत नाही. परंतु जो गुंतला नव्हता त्याच्याजवळ आपले निर्दोषत्व दाखविण्याचे साधन कोणते? तीच नोंद, तोच फॉर्म, ज्याच्याविरुद्ध त्याची संस्था भांडत होती. नोंद अपुरी असली तर कायदा दोष गृहीत धरतो हे खरे. पण ‘उलट सिद्ध न झाल्यास’ अशी पुस्तीही तो जोडतो. प्रामाणिक सभासदाचे सारे संरक्षण त्या पुस्तीत साठविलेले आहे. एक रकाना कोरा राहिला म्हणून पारोळ्याचे यंत्र सील झाले आणि गरोदर बायांना तपासणीसाठी धुळ्यास जावे लागले, तर त्या एका सभासदाची कैफियत कागदपत्रांनिशी समुचित प्राधिकाऱ्यापुढे मांडणे हे संस्थेचे खरे काम. सर्वांनाच रकाने भरण्यातून सोडवा अशी मागणी केली की, कसूर करणारा आणि न करणारा एका पंक्तीत बसतात, आणि पंक्तीतल्या पहिल्यामुळे दुसऱ्याचीही पत जाते.

१९९५ साली ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेतून मोबदला घेणाऱ्या डॉक्टरांना वगळावे या वैद्यकसंघटनेच्या मागणीचेही न्यायालयात असेच झाले होते. तिन्ही वेळा संघटनेने सभासदाच्या सोयीस त्याचे संरक्षण मानले, आणि तिन्ही वेळा ती हरली.

मग राज्यस्तरीय संस्थेने पारोळ्याच्या सभासदासाठी काय करावे? प्रथम तिने त्याचे काम स्वतः तपासावे. फॉग्सीचाच ‘मान्यता’ नावाचा उपक्रम आहे. प्रसूतिगृहांसाठी त्यात सोळा वैद्यकीय निकष ठरविलेले आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने केंद्राच्या, प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्याच्या ‘लक्ष्य’ योजनेशी त्याची सांगड घातली आहे. हे निकष तालुक्याच्या लहान प्रसूतिगृहात उतरविणे, परिचारिकांस शिकविणे, दर काही महिन्यांनी दप्तर पाहून त्रुटी लेखी कळविणे, ही कामे शिष्टमंडळे नेण्याइतकी दिसणारी नाहीत. परंतु खटल्याच्या दिवशी वकिलाच्या भाषणापेक्षा हीच उपयोगी पडतात. माता दगावली असता जी चौकशी व्हावी, तीत संस्थेने आपला तज्ज्ञ द्यावा, आणि त्याचे मत सभासदाच्या विरुद्ध गेले तर ते दडपू नये. ज्या संस्थेने एकदा तरी आपल्या सभासदाची चूक उघडपणे मान्य केली आहे, तिने दुसऱ्या वेळी ‘येथे कसूर नाही’ असे सांगितले तर फौजदार आणि न्यायाधीश ते ऐकून घेतात. जिने कधीच मान्य केली नाही, तिच्या साक्षीला किंमत उरत नाही. लिंगनिदान करणाऱ्या सभासदास तर न्यायालयाची वाट न पाहता संस्थेने सदस्यत्वातून काढावे, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे स्वतः तक्रार करावी.

एवढे केल्यावर तिने उरलेल्यांसाठी न भीता उभे राहावे. रात्री दोन वाजता पारोळ्याहून दूरध्वनी आला असता जळगावच्या किंवा धुळ्याच्या अनुभवी तज्ज्ञाने उचलावा अशी पाळी नेमलेली असावी; रुग्ण पुढे पाठविताना लिहिलेल्या चिठ्ठीवर त्या दोघांचीही नावे असावीत, म्हणजे निर्णय एकटीचा राहत नाही. प्रसूतिगृहावर जमाव चालून आला तर दुसऱ्या दिवशी निषेधाचा ठराव करण्याऐवजी त्याच रात्री संस्थेचा माणूस पोलीस ठाण्यात बसून २०१० च्या कायद्याखालील फिर्याद नोंदवून घेणारा असावा. आणि मंत्रालयात शिष्टमंडळ न्यावयाचेच असेल तर त्याच्या अर्जातील पहिले कलम तालुक्याच्या ठिकाणी रक्तसाठ्याचे असावे, दुसरे जिल्हा रुग्णालयांतील रिक्त तज्ज्ञपदांचे. कारण धुळ्याच्या त्या तरुण डॉक्टरावर जो प्रसंग आला, त्याच्या मुळाशी तेथे नसलेला एक तज्ज्ञ होता.