भरलेलं जाळं सगळ्यांना दिसतं, रिकामं कोणाला?

मच्छीमार बांधवांनो, बोटवाल्यांनो आणि बाजारात बसणाऱ्या आमच्या मावश्या-वहिनींनो,

31 जुलैला बंदी संपते. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम बाहेर पडतात, एक आपल्या बोटी आणि दुसरे मोबाईल. जाळं वर यायच्या आधीच फोन वर आलेला असतो. डेकवर बांगड्यांचा ढीग, मागे जोरात गाणं आणि खाली लिहिलेलं, ‘लॉटरी लागली!’ संध्याकाळपर्यंत ती रील मालीम, शापोरा, खारीवाडा, कुटबण सगळीकडे फिरून कारवार-मालवणलाही पोचलेली असते.

रील काढण्यात वाईट काही नाही. ‘आम्ही मासे मारतो’ हे सांगायला आपल्याच पोरांना कधी कमीपणा वाटायचा. आज तीच पोरं तांडेलाच्या शेजारी उभी राहून ऐटीत फोटो काढतात, हे आम्हाला आवडतं. पण एक विचारायचं आहे. जाळं रिकामं आलं, त्या दिवसाची रील कोणी टाकली आहे का?

2021 च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या एका बोटीला 157 घोळ मिळाल्या आणि त्या 1 कोटी 33 लाखांना गेल्या, अशी बातमी देशभर झाली. घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला परदेशात मोठा भाव आहे, म्हणून एवढे पैसे. असं क्वचितच घडतं, म्हणूनच ती बातमी झाली. पण ज्याने कधी होडीत पाय ठेवला नाही त्याला वाटतं, दर्यावर गेलं की माणूस लखपती होऊन येतो.

हिशेब तुम्हाला आम्ही काय सांगावा! धरा, एका फेरीची मासळी 1 लाखाला गेली. त्यातून आधी डिझेल जातं, मग बर्फ, खलाशांचा शिधा, लिलावाचं कमिशन. उरलं त्यात बोटीचा वाटा, खलाशांचा वाटा. बोटीच्या वाट्यातून बँकेचा हप्ता, जाळ्याची दुरुस्ती, इंजिनाचं काम. ओडिशा-झारखंडहून आलेल्या खलाशांना उचल आधीच दिलेली असते, ती फेरी रिकामी गेली म्हणून परत येत नाही. यातलं काहीच रीलमध्ये दिसत नाही. दिसतो तो ढीग.

आणि त्या ढिगाचा त्रास सगळ्यात आधी कोणाला होतो? बाजारातल्या बाईला. गिऱ्हाईक मोबाईल तिच्या तोंडासमोर धरतं, ‘जेटीवर ढीग पडलाय, आणि तू एवढे सांगतेस?’ ती पहाटे लिलावात उभी राहिली, बर्फ घेतला, टेम्पोचं भाडं दिलं, सोपोही देणार, हे त्या व्हिडिओत कुठे आहे? आणि तो ढीग बऱ्याचदा चार दिवसांपूर्वीचा, दुसऱ्याच जेटीवरचा असतो. पण भाव तिला आज पाडावा लागतो. म्हणजे रील नवऱ्याने टाकायची आणि घासाघीस बायकोने सोसायची.

दुसरा त्रास घरी. रील पडली की दुसऱ्या दिवशी वर्गणीचं पुस्तक दारात हजर! पाहुण्यांना उसने पैसे आठवतात. पोराच्या लग्नाची बोलणी चाललेली असतील तर समोरची मंडळी मोठा हॉल धरूनच बोलायला लागतात. ‘नाही’ म्हणायची सोय नाही, कारण ढीग तर आपणच दाखवलेला असतो. मग ऑगस्टमध्ये मिळालेले पैसे गणपतीत संपतात आणि जून-जुलैला पुन्हा कर्ज.

पण सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच आहे. चार फेऱ्या डिझेलसुद्धा न सुटलेला बोटवाला रात्री फोन उघडतो, तर सगळ्यांची जाळी भरलेली. त्याला वाटतं, मीच एकटा बुडालो. तो कोणाकडे बोलत नाही. सोसायटीच्या बैठकीत मागे बसतो. दागिने गहाण पडतात, एखादा दारूला लागतो, आणि बोट विकायला काढली हे आपल्याला दलालाकडून कळतं. त्याच महिन्यात आणखी दहा जणांची जाळी रिकामी आली होती, हे त्याला वेळेवर कळलं असतं तर तो एवढा एकटा पडला नसता.

लपवलेला तोटा मागणीच्या कागदावरही येत नाही. तारल्यांचं बघा. केरळात 2012 मध्ये तारल्यांची आवक सुमारे 3.9 लाख टन होती, 2021 मध्ये ती 3,297 टनांवर आली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हा आकडा काढला, कारण त्यांच्या माणसांनी जेटीवर चांगला दिवसही मोजला आणि वाईट दिवसही. आपण फक्त चांगले दिवस दाखवत राहिलो, तर मदत मागायला गेल्यावर अधिकारी आपलीच रील आपल्याला दाखवेल आणि विचारेल, ‘मासळी नाही म्हणता, मग हे काय?’ तेव्हा उत्तर काय देणार?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. रील टाका, पण तारीख आणि जेटीचं नाव लिहा. ‘लॉटरी’ लिहू नका, ती मेहनत आहे. फेरी रिकामी गेली तर तेही सांगा, त्यात लाज कसली? दर्या कोणाच्या बापाचा नोकर नाही, तो कधी देतो, कधी देत नाही. प्रत्येक बोटीवर एक साधी वही ठेवा. फेरीची तारीख, डिझेल किती, मासळी किती, भाव काय मिळाला, एवढ्या चार ओळी पुरे. सोसायटीच्या बैठकीत त्या वह्या एकत्र वाचल्या, तर कोणाला खरंच आधार हवा आहे ते तिथेच कळेल, आणि सरकारपुढे जाताना हातात काही तरी असेल.

कोणाला पहिली ओळ लिहायला जड जात असेल, तर त्याने सोसायटीत येऊन नुसतं सांगावं. वहीत आम्ही लिहू.