दोष इंग्रजीचा नव्हे, न मोजलेल्या उंचीचा

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ एकमेकांवर आदळले. दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. या अपघाताचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘कझाक वैमानिकांना इंग्रजी नीट येत नव्हते.’ हे वाक्य सोयीचे आहे आणि म्हणूनच घातक आहे.

इल्युशिनला १५,००० फुटांपर्यंत उतरण्याची, तर दिल्लीहून निघालेल्या बोइंगला १४,००० फुटांपर्यंत चढण्याची परवानगी होती. इल्युशिनने १५,००० फूट गाठल्याचे रेडिओवर कळवले. प्रत्यक्षात ते तेव्हा सुमारे १४,५०० फुटांवर होते आणि आणखी खाली येत होते. समोरून विमान येत असल्याची सूचना नियंत्रकाने दिली, तिला उत्तरही मिळाले. नेमून दिलेली उंची न पाळल्याचा दोष लाहोटी चौकशी आयोगाने कझाक चमूवर ठेवला. तो निष्कर्ष योग्यच आहे. परंतु ती चूक नियंत्रकाला दिसली का नाही, हा प्रश्न त्याने संपत नाही.

उत्तर भौतिकशास्त्रात आहे. दिल्लीत तेव्हा प्राथमिक रडारच वापरात होते. परतलेल्या लहरीवरून ते विमानाचे अंतर आणि दिशा सांगते, उंची नव्हे. उंचीसाठी नियंत्रकाजवळ एकच साधन उरले होते : वैमानिकाचा शब्द.

तो शब्द वाहून नेणारा रेडिओ मात्र निर्दोष होता. विमानांचे संभाषण आजही प्रामुख्याने ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एएम पद्धतीने चालते. या पद्धतीला कालबाह्य म्हणून हिणवणाऱ्यांनी तिचा एक गुण ध्यानात घ्यावा. दोघे एकाच वेळी बोलले, तर दोन वाहक लहरींच्या वारंवारतेतील फरक बहुधा शिट्टीसारखा कानी पडतो आणि संदेशांची टक्कर झाल्याचे कळते. एफएममध्ये प्रबळ संदेश दुर्बळ संदेशाला गिळून टाकतो आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण स्पष्ट उच्चारलेला चुकीचा आकडा कोणत्याही पद्धतीत शिट्टी वाजवत नाही. सूचना परत म्हणून दाखवण्याची शिस्त अमूल्य खरी. तथापि ती वाक्य तपासते, विमान तपासत नाही.

विमान तपासते ते दुय्यम रडार. ते १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारते. विमानातील ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर हवेच्या दाबावरून मोजलेली उंची आपोआप कळवतो. त्यात कोणाच्या जिभेचा संबंध येत नाही. १९९६ साली हे तंत्र नवे नव्हते. तरीही विमानांतील टक्कर टाळणारी यंत्रणा भारतात सक्तीची झाली, ती या अपघातानंतरच.

पुढे वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय पातळ्या ठरल्या. तेही आवश्यकच होते. मात्र १४,५०० फुटांवरून ‘१५,०००’ हे उत्तम इंग्रजीतही म्हणता येते. उपकरणाचे वाचन दोनदा मोठ्याने म्हटल्याने त्याची पडताळणी होत नाही, हे प्रयोगशाळेतील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. त्यासाठी दुसरे, स्वतंत्र मापन लागते. म्हणून यापुढे एखाद्या अपघातानंतर रेडिओवरील संभाषणाच्या ध्वनिफिती वाजू लागतील, तेव्हा कोणाचे उच्चार चुकले यावर चर्चा थांबू नये. चुकीचा शब्द पकडणारे स्वतंत्र मापन तिथे होते का, आणि नसल्यास ते का नव्हते, याचे उत्तर मागितले गेले पाहिजे.